यंत्र, विद्यार्थी आणि पडताळा

मुलाच्या हाती यंत्र द्यावे की देऊ नये, हा प्रश्न आज घरोघरी आहे. दिंडीच्या मुक्कामावरसुद्धा हा विषय निघतो. एक म्हणतो, 'मोबाईल आला आणि पोरं बिघडली.' दुसरा म्हणतो, 'अहो, सगळं जग त्यात आहे. आता पाटी-दप्तर घेऊन काय करायचं?' दोघेही आपापल्या अनुभवाचे बोलतात, म्हणून कोणालाच एकदम खोटे म्हणता येत नाही. परंतु दोघांचे बोलणे चालते ते यंत्राविषयी; विद्यार्थ्याविषयी कोणी बोलत नाही. यंत्राने शिक्षण होते की बिघडते, हे विचारण्याअगोदर शिकणे म्हणजे काय, हे ठरवावयास नको का?

पूर्वी एखादी शंका आली तर तिचे उत्तर शोधण्यात दिवस जात. गुरुजींना विचारावे, पुस्तक मागून आणावे, नाहीतर शंका मनात तशीच ठेवावी. आज मुलाने प्रश्न नुसता उच्चारला, तोही मराठीत, की हातातले यंत्र उत्तर देते. गणित सोडवून देते, निबंध लिहून देते. उत्तर मिळाले, यात शंका नाही. पण कळले का? शेजाऱ्याने वारी केली म्हणून आपले पाय पंढरीला पोचत नाहीत. तसेच यंत्राने गणित सोडविले म्हणून मुलाची बुद्धी चार पावलेदेखील पुढे जात नाही. वही मात्र भरते.

म्हणून यंत्र वाईट, असे कोणी समजू नये. शिकण्याला साधन पूर्वीपासून लागतच आले आहे. महाडहून भोरकडे जाणारा रस्ता वरंध गावावरून घाटात चढतो. त्याच डोंगरांच्या कुशीत शिवथरची घळ आहे. समर्थ रामदासांनी येथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. १९३० साली समर्थभक्त शंकरराव देव यांनी ही जागा पुन्हा उजेडात आणली. या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे वळवावे, ओळी कशा सरळ ठेवाव्या, लेखणी, शाई, कागद यांची सिद्धता कशी करावी, हे सारे त्यात बारकाईने सांगितले आहे. त्या काळचे तंत्रज्ञानच ते! संतांना साधनाचे वावडे नव्हते. उलट साधन हाती घ्यावयाचे तर ते नीट चालविता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आणि त्याच ग्रंथात, दुसऱ्या दशकाच्या शेवटच्या समासात, पढतमूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. पुष्कळ वाचलेला, पुष्कळ ऐकलेला, पण ते अंगी न उतरलेला, तो पढतमूर्ख. बोरू आणि शाई हाती असूनही मनुष्य पढतमूर्ख होऊ शकतो, तर मोबाईल हाती असून का होणार नाही? तेव्हा हा प्रश्न आजचा नव्हे. साधन बदलले, रोग जुनाच आहे.

'विज्ञान' हा शब्दही आपल्याला नवा नाही. गीतेचा सातवा अध्याय ज्ञानविज्ञानयोगाचा. तेथे माउली प्रपंचाच्या जाणिवेला विज्ञान म्हणतात, आणि त्यालाच अंतिम सत्य मानून बसणे हे अज्ञान, असा इशारा देतात. आज शाळेत शिकवितात ते विज्ञान आणि त्या अध्यायातले विज्ञान अगदी एकच, असा आमचा दावा नाही. शब्दाच्या मागून ओढाताण करण्यात अर्थ नसतो. परंतु एवढे त्यावरून घेता येते की, प्रपंचाची जाणीव टाकून द्या, असे माउलींनी सांगितले नाही. तिला तिच्या जागी ठेवा, एवढेच सांगितले. पाऊस का पडतो, दरड का कोसळते, ताप कशाने येतो, हे जाणणे प्रपंचातले खरे; पण प्रपंचात राहणाऱ्याला ते जाणल्यावाचून सुटका नाही.

आता विज्ञानाचा प्राण कशात आहे? भिंग, नळी, संगणक ही त्याची अवजारे झाली. त्याचा प्राण पडताळ्यात आहे. कोणी सांगितले ते ऐकावे, मग ते ताडून पाहावे, चूक निघाली तर सुधारावे. वारकऱ्याला याचे उदाहरण शोधण्यासाठी परदेशी जावयास नको. ज्ञानेश्वरी होऊन जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. हस्तलिखितावरून हस्तलिखित होत गेले, कोणाचा हात चुकला, कोणी आपल्या पदरचे घातले, आणि पाठ बिघडले. नाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, शुद्ध पाठ सिद्ध केला. त्यात कोणी स्वतःची ओवी घुसडू नये, अशी ताकीदही दिली. विचार करा. नाथांची भक्ती काय थोडी होती? पण 'माउलींच्या नावाने आले आहे, तेव्हा जसे आहे तसे घ्या,' असे ते म्हणाले नाहीत. ज्या वचनावर प्रेम, त्याचाच पडताळा अधिक कसोशीने घेतला. श्रद्धा आणि तपासणी यांचे वैर आहे असे सांगणाऱ्याने नाथांचे हे काम डोळ्यांपुढे आणावे.

आज मोबाईलवर एकाकडून दुसऱ्याकडे निरोप धावतात, त्यांची गत त्या बिघडलेल्या प्रतींसारखीच आहे. जो तो पुढे ढकलतो, ताडून कोणी पाहत नाही. जुना लेखकू एक प्रत महिनोन्महिने बसून बिघडवी. आता तेच काम एका बोटाने क्षणात होते. यंत्राने वेग वाढविला. पडताळ्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले.

दुसरे नाव बाळशास्त्री जांभेकरांचे. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा पुरुष. त्यांनी १८३२ साली 'दर्पण' काढले, एल्फिन्स्टन संस्थेत गणित-ज्योतिष शिकविले, कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले आणि १८४० साली विज्ञानाचे विषय मराठीत सांगणारे 'दिग्दर्शन' मासिक सुरू केले. याच बाळशास्त्र्यांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून काढली. शिळाछाप हे त्यांच्या काळचे नवे यंत्र. ते त्यांनी ग्रहताऱ्यांच्या विद्येसाठी निराळे आणि ज्ञानेश्वरीसाठी निराळे मानले नाही. ग्रंथ घरोघरी जावा, विद्या घरोघरी जावी, ही तळमळ एकच होती.

आणि अगदी आपल्या काळातले, पंढरीच्या मुलखातले उदाहरण पाहा. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी हे लहानसे गाव. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोडची ती काळी-पांढरी चौकोनी खूण छापली. मोबाईल तिच्यावर धरला की कविता ऐकू यावी, धड्याचे चित्र हलताना दिसावे, अशी योजना. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही या खुणा आल्या. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. लोकांनी कौतुक खुणेचे केले. आमच्या मते कौतुक करावयाचे ते त्या शिक्षकाचे. मूल कोठे अडते हे त्यांनी आधी पाहिले आणि त्या अडचणीला बेताचे साधन शोधले. साधन आधी आणून मग त्याला मूल जोडले, असे झाले नाही. जेथे यंत्राचे खोके शाळेच्या कपाटात कुलूपबंद पडते, तेथे ही क्रिया उलटी झालेली असते.

येथे आणखी एक गोष्ट बोलून दाखविली पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या, आणि शिक्षण मोबाईलवर आले. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी योजना सरकारने केली. हेतू चांगला होता. पण ज्या घरात मोबाईल एक आणि मुले तीन, तेथे काय झाले? जेथे रेंजसाठी टेकाडावर चढावे लागते, तेथे काय झाले? आपल्या पंगतीत एकाला वाढले आणि शेजारच्याचे पान कोरे ठेवले, तर त्या जेवणाला प्रसाद म्हणता येत नाही. तंत्रज्ञानाने विद्या पसरते हे खरे. पण ज्याच्या हाती ते नाही तो अधिकच मागे राहतो, हेही तितकेच खरे. हा विचार यंत्र करीत नाही. तो गावाने आणि सरकारने करावयाचा आहे.

आता पुन्हा वरंधच्या डोंगरांकडे वळू. कारण तेथे हा प्रश्न परीक्षेतल्या गुणांचा राहत नाही, जिवाचा होतो. २००५ च्या जुलैअखेरीस महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. पुढे २२ जुलै २०२१ रोजी तळियेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी आल्या. खाली महाड शहर पुरात, रस्ते पाण्याखाली. मदतीची पथके वेळेवर पोचू शकली नाहीत. अशा घटकेला जे काय ज्ञान उपयोगी पडते, ते वाडीतच असावे लागते. बाहेरून ते येईपर्यंत उशीर झालेला असतो.

मग तेथील शाळेतल्या मुलाला विज्ञान म्हणून काय शिकवावे? त्याला सांगावे, बाळा, सरळ उभ्या अंगाची एक प्लास्टिकची बाटली घे. तिचा वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून गाळणीसारखा तोंडावर बसव. तळाचा उंचसखल भाग पाणी ओतून भरून काढ आणि त्या पातळीवर शून्याची रेघ मार. तेथून वर पट्टीने मिलिमीटरच्या रेघा आख. झाडापासून, पागोळ्यांपासून दूर, उघड्यावर ही बाटली नीट बसव आणि रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिही. झाले पर्जन्यमापक! किंमत शून्य. हवामान खात्याचा दिवसही पावसाच्या हिशेबाला साडेआठलाच बदलतो, म्हणून ही वेळ.

आता त्या आकड्याचा अर्थ त्याला काढू द्यावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. २०२१ च्या त्या आपत्तीत महाबळेश्वरला, जेथून सावित्री उगम पावून पोलादपूर-महाडकडे येते, चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एका गुंठ्यावर ते पाणी किती झाले? गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. गुणाकार मुलालाच करू द्या. साठ हजार लिटर येईल. एका गुंठ्यावर साठ टन! त्यातले पुष्कळ वाहून जाते, काही मुरते. पण त्या एकट्या दिवसात डोंगराच्या अंगावर काय पडले, हे त्या मुलाला आता दुसऱ्याने सांगावे लागत नाही. त्याच्या बाटलीत एवढे पाणी मावणारच नाही. मध्येच मोजून, ओतून, पुन्हा लावावी लागेल. तेही त्यालाच सुचू द्यावे.

मग ओल्या वाळूचा ढीग करावयास सांगावा. थोडे पाणी असले की वाळू एकमेकींना धरून राहते. पाणी फार झाले की तोच ढीग बसतो. डोंगरावर कातळावर मातीचा थर असतो. पाणी मुरत गेले की त्या मातीचे वजन वाढते आणि धरून ठेवण्याची ताकद घटते. म्हणून उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडे-खांब कलले, घराची दारे चौकटीत अडू लागली, नेहमीचा झरा गढूळ झाला किंवा नवीनच जागी पाणी फुटले, तर ती खूण समजावी. या खुणा मोबाईलवरही वाचावयास मिळतात. परंतु आपल्या परसातली भेग मोबाईलला दिसत नाही. ती त्या पोरालाच दिसते.

याचा अर्थ बाटली श्रेष्ठ आणि मोबाईल कनिष्ठ, असा नव्हे. उपग्रह आणि रडार यांच्यामुळे ढगांची चाल आधी कळते आणि हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा हातात येतो. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर खाते त्याला अत्यंत मुसळधार म्हणते. ज्या मुलाने स्वतः पाऊस मोजला आहे, त्याच्या अंगावर हा आकडा ऐकून काटा येईल. ज्याने मोजला नाही, तो तो निरोप वाचून बोटाने वर सरकवील. यंत्र दोघांच्या हाती सारखेच. फरक पडला तो शिकण्यामुळे.

आता खरी नीतीची गाठ येते. पडताळ्याला वेळ लागतो आणि डोंगर थांबत नाही. समजा, अशा एखाद्या पोराने भर पावसात येऊन सांगितले, 'आजोबा, वरल्या अंगाला भेग पडली आहे, आज रातीला शाळेत जाऊ या.' आजोबा म्हणतील, 'पोरा, उभा जन्म गेला इथं आमचा.' सगळे निघाले, शाळेत रात्र काढली, आणि डोंगर हलला नाही, तर सकाळी त्या पोराला लोक हसतील. पुढल्या खेपेस तो बोलणार नाही. येथे त्या पोराची चूक झाली असे म्हणावे काय? मुळीच नाही. दरड नेमकी कोणत्या घटकेला सुटेल, हे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही सांगता येत नाही. आपली मर्यादा उघड सांगणे हाही विज्ञानाचाच भाग आहे. एखादी गोष्ट खरी मानावयाची तर घाई करू नये. पण जीव वाचवावयाचा असेल तर पुराव्याची वाट पाहत बसू नये. एक रात्र फुकट गेली तर झोप गेली. उलट झाले तर काय जाते, ते या तालुक्याने पाहिले आहे. म्हणून मुलाला विज्ञान शिकविणे जेवढे गुरुजींचे काम, तेवढेच त्याचे ऐकून घेणे हे वडीलधाऱ्यांचे काम. शिकविले आणि ऐकले नाही, तर शिकविले कशाला?

कोणी म्हणेल, जे व्हावयाचे ते पांडुरंगाच्या इच्छेने होते. माणसाने मोजून काय करावयाचे? त्या भाविकाला नमस्कार करून एवढेच विचारावे: माउली, उजनीचे किंवा वीरचे पाणी सुटले, चंद्रभागा दुथडी भरली आणि वाळवंटातून वर या असा पुकारा झाला, तर आपण वर येतो की नाही? येतो. तेव्हा आपली निष्ठा कमी होते काय? पुकारा करणाऱ्याने धरणावर पाणी मोजले, म्हणून तर पुकारा झाला. त्या मोजण्याने हजारो वारकऱ्यांचे प्राण राखले जात असतील, तर ते मोजणे भूतदयेचेच काम नव्हे काय?

शेवटी घरी, शाळेत आपण काय करावे? मुलाच्या हातातले यंत्र हिसकावून घेण्याने काही साधत नाही, आणि ते देऊन मोकळे होण्यानेही नाही. त्याने यंत्राकडून एखादे उत्तर आणले की जवळ बसवून त्याला शांतपणे विचारावे, 'कशावरून?' त्याला सांगता आले नाही तर रागावू नये. 'चल, करून पाहू' म्हणावे. आपल्याला ते येत नसेल तरी चालेल, बरोबर बसले म्हणजे पुरे. अडाणी बापालाही हा प्रश्न विचारता येतो, आणि पुष्कळ वेळा तोच तो अधिक चांगला विचारतो. आणि मुलाला काही उमगले, तर ते कोणाच्या कामी येईल, हेही त्याच्याच तोंडून काढावे. उमगलेले मनात ठेवून बसणाऱ्याची विद्या गाडग्यातल्या बियाण्यासारखी. पेरली तर पीक, नाहीतर किडीचे भक्ष्य.

येत्या पावसाळ्याला ज्यांची घरे डोंगराच्या पायथ्याशी आहेत, त्यांनी आपल्या मुलाकडून एक बाटली कापून घ्यावी. साडेआठ वाजता मोजलेला आकडा तो सांगू लागला की हातातले काम क्षणभर थांबवून त्याचे ऐकावे.